गीत समाजाचे, नाव शाहिराचे

(जालना येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात एका वकिलाने केलेले भाषण)



वकिलाला सभेत बोलावले म्हणजे तो जमिनीच्या दाव्यावर, दाखल्यांवर किंवा अत्याचाराच्या फिर्यादीवर बोलेल, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती समजूत रास्तच आहे; कारण आपल्या माणसांना वकिलाची गरज बहुधा अशाच वेळी पडते. परंतु आज मी ज्या मालमत्तेविषयी बोलणार आहे, तिची नोंद सातबाऱ्यावर नाही, ती कोणत्याही पेढीत ठेवलेली नाही. आणि तरीही अंबडपासून जाफराबादपर्यंत या जिल्ह्यातील प्रत्येक बौद्ध वस्तीत ती आहे. ती मालमत्ता म्हणजे आपले गाणे. ती कोणी निर्माण केली, तिच्यावर कायद्याने कोणाचा हक्क आहे आणि ती आपल्या हातून कशी निसटत आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

तुमच्यापैकी पुष्कळ कुटुंबांनी नुकतीच दीक्षा घेतली आहे. दीक्षेबरोबर घरातले देव्हारे गेले, नवससायास गेले आणि त्यांच्याबरोबर आरत्या व जुनी मंगलाष्टकेही गेली. परंतु ती जागा रिकामी राहिली नाही. वंदना तुम्ही भन्तेजींकडून शिकलात; गाणी मात्र तुम्हांला कोणी शिकवावी लागली नाहीत. जयंतीच्या मिरवणुकीत, लग्नाच्या मांडवात, बारशाच्या पाळण्याशी ती आधीपासूनच तुमची वाट पाहात होती. ज्या माणसाने त्रिपिटकातले एक पानही वाचलेले नाही, त्यालाही बुद्ध कोण आणि बाबासाहेबांनी काय केले, हे गाण्याने सांगितले आहे. शाळा ज्या घरापर्यंत उशिरा पोहोचली, त्या घरापर्यंत गाणे आधी पोहोचले होते.

हे गाणे आकाशातून पडलेले नाही. त्याला इतिहास आहे आणि तो आपल्या मुलांना ठाऊक असावयास पाहिजे. जुन्या गावगाड्यात गाणे-वाजविणे हे काही जातींवर लादलेले काम होते. वरात दुसऱ्याची, देव दुसऱ्याचा, आणि पुढे वाजवीत चालावयाचे आपण. त्याबद्दल मिळावयाचे ते शिळे अन्न. वाजविणाऱ्याला मजुरी ठरविण्याचा अधिकार नव्हता आणि नाही म्हणण्याचा तर नव्हताच. या गुलामीच्या कलेतून स्वाभिमानाची कला निर्माण करण्याचे काम प्रथम महात्मा जोतीराव फुले यांच्या परंपरेने केले. जोतीरावांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला, १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला. आणि पुढे सत्यशोधकांच्या जलशांनी तमाशाचाच साचा घेऊन त्यात भट-सावकारांच्या लुबाडणुकीचा विषय ओतला.

तोच साचा पुढे आंबेडकरी जलशाने हाती घेतला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी नाशकात सुरू झाला. नाशिक भागातच त्या काळात भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी जलसे घेऊन गावोगाव हिंडू लागले. मेलेल्या ढोराचे मांस खाऊ नका, मुलांना शाळेत घाला, हलकी कामे सोडा, हे सांगण्यासाठी त्यांनी ढोलकी वापरली. दिवसभर मजुरी करून थकलेला माणूस व्याख्यानाला येत नसे, पण जलशाला येई आणि हसत हसत विचार घेऊन घरी जाई. या जलशांचा वृत्तान्त भीमराव कर्डकांनी स्वतःच पुस्तकरूपाने लिहून ठेवला, म्हणून तो आज आपल्यापर्यंत आला. जे लिहिले गेले नाही, ते त्या त्या शाहिराबरोबर मातीत गेले.

याच नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात, देशवंडी या गावी, १५ ऑगस्ट १९२२ रोजी वामनदादा कर्डकांचा जन्म झाला. गरिबीमुळे त्यांना बालपणी शाळा मिळाली नाही; अक्षरे ते मोठेपणी मुंबईत शिकले. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले आणि त्यानंतर १५ मे २००४ रोजी प्राण जाईपर्यंत हा माणूस गाणी रचीत आणि गात राहिला. त्यांच्या रचनांची मोजदाद हजारांत होते. महाराष्ट्रात असे खेडे क्वचितच सापडेल, की जेथे वामनदादांची एक तरी ओळ कोणाला पाठ नाही. विठ्ठल उमप हे दुसरे थोर नाव. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, व्यासपीठावरच त्यांची प्राणज्योत मालवली. प्रल्हाद शिंदे यांच्या खणखणीत आवाजाने भीमगीत आणि कव्वाली घराघरांत नेली. त्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद यांनी तो आवाज पुढे चालविला.

आपल्या मराठवाड्याच्या कानाला कव्वाली परकी नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. उर्दूचा बाज येथल्या हवेत होता. म्हणून दोन पार्ट्यांचा रात्रभर चालणारा सामना येथे उत्तम रुजला. १९८० नंतर ध्वनिफिती स्वस्त झाल्या. ग्रामोफोनच्या तबकडीचा खर्च ज्याला परवडत नसे, त्याचेही गाणे आता कॅसेटवर येऊ लागले. मुंबईला कामास गेलेला भाऊ गावी येताना पिशवीतून चार कॅसेटी आणी आणि साऱ्या वस्तीला त्या पाठ होत.

आणि मग नामांतराचा लढा! २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. माणसे मारली गेली, घरे जळाली, कुटुंबे परागंदा झाली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्या सोळा वर्षांत मोर्च्यांना आणि तुरुंगांना ज्याने जागे ठेवले, ते गाणे होते. बंधूंनो, ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. आपण सोळा वर्षे एका नावासाठी लढलो. दारावर कोणाचे नाव आहे याला महत्त्व असते, हे मराठवाड्यातील बौद्धांना कोणी शिकवावयास नको.

आता मी तुम्हांला विचारतो. ज्या गाण्यांनी आपल्याला नावासाठी लढावयास शिकविले, त्या गाण्यांच्या कर्त्यांची नावे आपण किती जपली? गेल्या जयंतीला तुमच्या वस्तीत जी दहा गाणी वाजली, त्यांपैकी किती गाण्यांचे कवी तुम्हांला सांगता येतील? गायकाचे नाव कदाचित सांगाल. रचणाऱ्याचे सांगता येणार नाही.

आपल्या शाहिरांना या धोक्याची जाण होती. म्हणूनच त्यांनी संतांची जुनी रीत चालू ठेवली आणि शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफले. वामनदादांच्या गीतात शेवटी ‘वामन’ येतो, तो केवळ यमकासाठी येत नाही. ज्याच्यापाशी छापखाना नाही, नोंदणी नाही, वकील नाही, त्या गरीब कवीने आपल्या मालमत्तेवर घातलेली ती सही आहे. ती नाममुद्रा म्हणजे त्याचा सातबारा होय. आणि आज काय होते? गाणे लांब होते म्हणून शेवटचे कडवे गाळले जाते. किंवा त्या जागी गाणारा आपलेच नाव बसवितो. मोबाईलवर गाणे चढविणारा खाली लिहितो, ‘पारंपरिक’. पारंपरिक! ज्या कवीची विधवा अजून त्याच गावात मजुरीला जाते, त्या कवीचे गाणे पारंपरिक ठरते. दुसऱ्याच्या शेताला बेवारस म्हणून कुंपण घालावे, तशातलाच हा प्रकार आहे.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक वृद्ध शाहीर आले होते. हातात कापडात गुंडाळलेली वही होती. त्यांची गाणी एका कॅसेटवाल्याने त्यांच्याच आवाजात भरून घेतली होती आणि रोख काही रक्कम देऊन वाटेला लावले होते. कागद केलेला नव्हता. पुढे ती गाणी दुसऱ्यांच्या आवाजात निघाली आणि त्यांवर कवी म्हणून भलतेच नाव आले. म्हातारबाबांनी मला पैशाविषयी एक शब्दही विचारला नाही. त्यांचा प्रश्न एकच होता : “वकीलसाहेब, माझा नातू हे गाणं ऐकतो आणि मी लिहिलंय म्हटलं तर हसतो. त्याला पटेल असा काही कागद कायद्यात असतो का?” मी त्यांना सांगितले की, कागद तुमच्या बगलेतच आहे. ती वही हाच तुमचा पुरावा.

हे दुःख केवळ आपलेच नाही. बाबासाहेब अमेरिकेत शिकले आणि तेथील नीग्रो म्हणविल्या गेलेल्या काळ्या समाजाच्या स्थितीकडे त्यांचे बारीक लक्ष होते. १९४६ साली त्या समाजाचे विद्वान नेते डु बॉइस यांना त्यांनी पत्रही लिहिले होते. त्या देशात मिसिसिपी नावाचे राज्य आहे. आपल्या जिल्ह्याप्रमाणेच तेही कापसाचे राज्य. गुलामगिरी कायद्याने संपली, तरी तेथील काळे लोक गोऱ्या मालकांच्या कापसाच्या रानात वाट्याने राबत राहिले आणि कर्जात बुडत राहिले. त्या रानांतून ‘ब्लूज’ नावाचे गाणे जन्मास आले. पुढे साऱ्या जगात गाजलेल्या रॉक संगीताचा पाया त्या गाण्याने घातला. पण गाणी रचणाऱ्यांपैकी पुष्कळजण दरिद्रीच मेले. त्याच राज्यातील व्हिक्सबर्ग गावचे विली डिक्सन यांनी मात्र १९८५ साली ‘लेड झेपेलिन’ या बलाढ्य इंग्रज वाद्यवृंदावर आपले गीत घेतल्याबद्दल दावा लावला. १९८७ साली तो तडजोडीने मिटला. डिक्सन तेवढ्यावर थांबले नाहीत. इतर कलावंतांना त्यांचे हक्क मिळवून देण्यासाठी त्यांनी संस्था काढली. आणि २००६ सालापासून त्या राज्याने आपल्या ब्लूज गायकांच्या गावी, घरांपाशी, थडग्यांपाशी त्यांच्या नावांचे फलक उभारण्यास आरंभ केला. आज ते दोनशेहून अधिक आहेत. ज्या राज्याने त्यांना माणूस मानले नव्हते, तेच राज्य आज त्यांची नावे मिरविते. सरकारला हे सुचेपर्यंत ती नावे कोणी जपली? त्या गायकांच्या माणसांनी आणि चाहत्यांनी जपली. तेवढे काम आपल्याला करावयाचे आहे.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. १९५७ साली झालेला आणि जानेवारी १९५८ पासून अमलात असलेला आपल्या देशाचा स्वामित्वहक्काचा कायदा आहे. त्यातील पाच गोष्टी प्रत्येक घराने ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, गाणे रचून ते कागदावर उतरविले की त्याच क्षणी कवीचा हक्क निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही. ती केलेली असल्यास पुराव्याला बळकटी येते, इतकेच. कवीच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूचे वर्ष संपल्यापासून पुढे ६० वर्षे तो हक्क टिकतो. वामनदादा २००४ साली गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या गीतांवरील हक्क २०६४ सालच्या अखेरपर्यंत जिवंत आहे. अशी गाणी ‘पारंपरिक’ म्हणून कोणालाही उचलता येत नाहीत.

दुसरी गोष्ट, हा हक्क दुसऱ्याला द्यावयाचा तर तो लेखी आणि सहीनिशीच देता येतो. तोंडी व्यवहाराने, चहाच्या पेल्यावर, हातात नोटा ठेवून हक्क विकला जात नाही. १९९४ च्या दुरुस्तीनंतर झालेल्या करारात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षांचीच समजली जाते.

तिसरी गोष्ट, २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना मोठे संरक्षण दिले. ध्वनिमुद्रणात घेतलेल्या गीताच्या वापरातून जे मानधन येते, त्याचा समान वाटा घेण्याचा हक्क कवीला सोडूनही देता येत नाही. तो त्याच्या कायदेशीर वारसांकडे किंवा अशा हक्कांची वसुली करणाऱ्या अधिकृत संस्थेकडेच जाऊ शकतो. ‘सर्व हक्क कायमचे सोडले’ असे कोणी लिहून घेतले, तरी या हक्काला बाध येत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कायद्याच्या ५७ व्या कलमाप्रमाणे ‘ही कृती माझी आहे’ असे म्हणण्याचा हक्क कवीपाशी सदैव राहतो. त्याने सारे आर्थिक हक्क विकून टाकले, तरीही हा राहतो. आपल्या कीर्तीला बट्टा लागेल अशी मोडतोड झाल्यास तो दाद मागू शकतो, आणि त्याच्या पश्चात त्याचे वारसही दाद मागू शकतात. म्हातारबाबांचा प्रश्न कायद्याला ठाऊक होता, असे म्हणावयास हरकत नाही.

पाचवी गोष्ट आपल्याला बंधन घालणारी आहे आणि तीही मी लपविणार नाही. आपली पुष्कळ भीमगीते चित्रपटांच्या चालींवर बांधलेली आहेत. शब्द आपले असले, तरी ती चाल दुसऱ्या एका कलावंताची आहे. वस्तीत म्हणावयास कोणी अडवीत नाही. परंतु ती ध्वनिमुद्रित करून विकावयाची असेल, तर चालीच्या मालकाची परवानगी घेतलीच पाहिजे. आपल्या हक्कासाठी भांडणाऱ्याने दुसऱ्याचा हक्क मानावयास पाहिजे.

माता-भगिनींनी यावरून भय बाळगू नये. जयंतीला, लग्नाला, वंदनेच्या वेळी गाणी म्हणण्यास कायद्याची आडकाठी नाही. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत आणि लग्नसमारंभात केलेल्या सादरीकरणाला या कायद्याने स्पष्ट सूट दिली आहे. गाणी गा, मोकळ्या गळ्याने गा. प्रश्न गाण्याचा नसून नाव पुसण्याचा आहे.

येथे कोणी म्हणेल, ‘शाहिरांनी ही गाणी समाजासाठी रचली. बाबासाहेबांच्या कार्यात मालकी कसली आणि मानधन कसले?’ हा आक्षेप मी आदराने ऐकतो, कारण तो पुष्कळदा शाहिरांच्याच तोंडून ऐकू येतो. त्यांनी आयुष्य दिले आणि बदल्यात काही मागितले नाही, हे खरे. परंतु दान आणि लूट यांत भेद आहे. ज्याची वस्तू आहे, तोच ती दान करू शकतो. शाहिराने समाजाला दान दिले असेल. बाजाराला दिलेले नाही. आणि तुम्ही रोज जे पंचशील ग्रहण करता, त्यातील दुसरे शील काय सांगते? जे दिलेले नाही, ते घेण्यापासून अलिप्त राहावे. एखाद्याचे धान्य न विचारता नेणे हा जसा त्या शीलाचा भंग, तसाच एखाद्याच्या आयुष्याची रचना त्याचे नाव खरवडून आपली म्हणून मिरविणे हाही भंगच. पंचशील पाळणाऱ्या घरात गाणे म्हणताना कर्त्याचे नाव घेतले गेले पाहिजे.

आणि ज्यांनी नाममुद्राही घातली नाही, त्या आपल्या आया-बहिणींचे काय? जात्यावर दळता दळता त्यांनी बाबासाहेबांवर, रमाईंवर ओव्या रचल्या. कोणी लिहून घेतल्या नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गोदावरी ओलांडली की लागणाऱ्या माजलगावात, तेथील भीमनगरात, १९९६ साली म्हटलेल्या भीमाच्या ओव्या त्या संग्रहात गाणाऱ्या बायांच्या नावांसह आज साऱ्या जगाला ऐकावयास मिळतात. नदीच्या पलीकडच्या तीरावर हे झाले. अलीकडच्या तीरावर, परतूर-घनसावंगीच्या गावांत, तशाच म्हाताऱ्या आजही आहेत. जाते थांबून पुष्कळ वर्षे लोटली. ओव्या मात्र त्यांच्या मुखात आहेत, आणि त्यांच्यानंतर त्या कोठेही असणार नाहीत.

म्हणून माझे मागणे थोडके आहे. प्रत्येक विहाराने एक वही करावी. तीत वस्तीत म्हटली जाणारी गाणी उतरवावीत आणि प्रत्येक गाण्याखाली कवीचे नाव, गाव, साधारण साल आणि चाल लिहावी. नाव कळत नसेल तर शोधावे. शोधूनही मिळाले नाही तर ‘कवीचे नाव मिळाले नाही’ असे प्रामाणिकपणे लिहावे, पण ‘पारंपरिक’ लिहू नये. हे काम शाळेतल्या मुला-मुलींकडे द्या. त्यांच्या हातातील मोबाईलवर आजीची ओवी तिच्या नावासह भरून ठेवता येते. गायनपार्ट्यांनी प्रत्येक गाण्याआधी रचनाकाराचे नाव ध्वनिक्षेपकावरून सांगावे आणि शेवटचे कडवे कधीही गाळू नये. ज्या घरी शाहिराच्या जुन्या वह्या आहेत, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. त्यांच्या प्रती काढून एक विहारात ठेवावी. आणि जे नवे कवी, नव्या गायिका आज लिहीत आहेत, त्यांनी कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नये. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याकडे जावे. वामनदादांनी मोठेपणी अक्षरे गिरवली. आपल्यापैकी कोणालाही तशी लाज वाटण्याचे कारण नाही.

बंधू-भगिनींनो, पूर्वी आपण दुसऱ्यांच्या वरातीपुढे वाजवीत होतो आणि वाजविणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नव्हते. आज वरात आपली आहे, मिरवणूक आपली आहे, गाणेही आपले आहे. अशा वेळी आपल्याच शाहिराला निनावी ठेवले, तर गावगाड्याची ती जुनी रीत आपण आपल्या हातांनी आपल्या घरात आणून बसविली असे होईल. ते आपण होऊ देता कामा नये. येत्या जयंतीला जे पहिले गाणे तुमच्या वस्तीत म्हटले जाईल, त्याआधी त्याच्या कर्त्याचे नाव उच्चारले जावे, एवढे वचन घेऊन मी आपली रजा घेतो.

जय भीम.